रशिदाभाभींची टोपी-चष्म्याची खिडकी

“साधं का टोपी-चष्मा?”

कोरेगावच्या बाजारपेठेत बांगड्या भरता भरता पडद्याआडून हा प्रश्न तुमच्या कानावर पडला असेल, तर तुम्ही खात्रीने रशिदाभाभींच्या दुकानात बसला होतात. दुसरं कुणी हा प्रश्न विचारत नाही. आणि त्याचं उत्तर बायका इतक्या हळू आवाजात देतात, की शेजारच्या स्टुलावर कान टवकारून बसूनसुद्धा मला सात वर्षांत ते एकदाही धड ऐकू आलं नाही. प्रयत्न पुष्कळ केला, हे कबूल करते.

प्रश्नाचा अर्थ सरळ आहे. दुकानात पुढे बांगड्या आणि मागे पडद्याआड कॉम्प्युटर. त्यावर इंटरनेट दोन तऱ्हांनी उघडतं. साध्या खिडकीत आपण काय काय बघितलं याची यादी मशीन जपून ठेवतं. दुसरी खिडकी काळी असते, तिच्यावर टोपी आणि चष्म्याचं चित्र असतं, आणि ती बंद केली की आपण कुठे फिरून आलो ते मशीन विसरून जातं. शिकलेली माणसं तिला प्रायव्हेट मोड म्हणतात. भाभी टोपी-चष्मा म्हणायच्या, आणि आता निम्म्या कोरेगावच्या बायका तेच म्हणतात.

हा कॉम्प्युटर भाभींच्या मुलाचा. त्याने पडद्यामागे ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र काढलं आणि वर्षभरात पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला. कॉम्प्युटर राहिला. भाभींचं शिक्षण चौथीपर्यंत. पण बायका बांगड्या भरताना विचारायला लागल्या, “भाभी, तेवढा लेकीचा फॉर्म भरून द्या की.” ‘नाही’ हा शब्द भाभींकडे नव्हताच. मुलाला फोन करून करून, व्हिडिओ बघून, चुकत माकत त्या सगळं शिकल्या. एका बोटाने टाइप करायच्या, पण ते बोट असं सुटायचं की आमच्या शाळेतला क्लार्क दहा बोटांनी त्यांच्या मागे राहिला असता.

बायकांची तिथे रीघ लागायची याचं कारण साधं होतं. घरात मोबाइल असतो, पण तो कुणाचा एकट्याचा नसतो. भाऊ उघडतो, दीर उघडतो, पोरं तर उघडतातच. बाजारातल्या दुसऱ्या केंद्रात गेलं तर मागे चार बाप्ये उभे, स्क्रीनमध्ये तोंड घालून. आणि “बांगड्या भरायला जाते” या वाक्याला आजवर कुठल्याही सासूने हरकत घेतलेली नाही.

मी तिथे पोचले ती रडत. मी मूळची सांगलीची, कोरेगावच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि बदलीसाठी जीव टाकायचे. एक दिवस शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काहीबाही शोधलं आणि निवांत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बक्षीस समारंभाचं नमुना पत्र शोधायला ‘ब’ टाइप केला. खाली आपोआप आलं, ‘बदलीसाठी आजारपणाचं कारण चालतं का’. त्यांनी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. ऑफिसात त्या वेळी अकरा माणसं होती आणि अकराही माझ्याकडे बघत होती. जमीन दुभंगली असती तर मी चप्पल काढून ठेवून आत गेले असते.

भाभींनी माझा हात हातात घेतला, बोटांचे सांधे दाबून पाहिले आणि बांगडी खाली ठेवली.

“हात आखडलाय तुमचा म्याडम. कोण काय बोललं?”

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तीन बटणं एकदम दाबायला शिकवली. कॉम्प्युटरने विचारलं, किती पुसू? मागचा एक तास, एक दिवस, का सुरुवातीपासूनचं?

“सुरवातीपास्नं,” भाभी म्हणाल्या. “थोडं थोडं पुसायचं न्हाई. पुसायचं तर समदं.”

त्यांच्या या पुसण्याला अंतच नव्हता. गिऱ्हाइकाच्या हातून बांगडी फुटली की तिचा बारीकसा तुकडासुद्धा त्या ओलं फडकं फिरवून टिपून घ्यायच्या, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. कॉम्प्युटरचंही तेच. गिऱ्हाईक उठलं की तीन बोटं पडलीच बटणांवर. मग उतरवून घेतलेल्या फायली काढायच्या. मग कचऱ्याच्या डब्यातूनही काढायच्या, कारण तिथे त्या पडून राहतात हे त्यांना एकदा कळलं होतं. “पासवर्ड जपून ठेवू का?” असं मशीनने विचारलं की त्या चक्क त्याच्यावर डाफरायच्या, “तुला काय करायचाय रं लोकाचा पासवर्ड?” या नादात कधी कुणाचा अर्धवट भरलेला फॉर्मही उडायचा. मग जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून भरून द्यायच्या.

एकदा एक सासूबाई तावातावाने आल्या. सून इथे रोज येऊन काय बघते ते आत्ताच्या आत्ता दाखवा म्हणाल्या. भाभींनी स्क्रीन सरळ सासूबाईंच्या पुढ्यात फिरवली.

“बगा. कोरी पाटी हाय. कोण काय बगतंय, माझं मलाच ठावं न्हाई.”

सासूबाईंनी चष्मा लावून खरंच पाहिलं. काहीच नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पडदा नीट ओढून घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “आवं भाभी, मलाबी ती टोपी-चष्मा लावा. ती कवळी बसवत्यात बगा तोंडात, ती दुखती का ओ लय?”

हा किस्सा भाभींनी मला सांगितला नाही हं. मी बाहेर स्टुलावर होते, पडद्याला फट होती, आणि सासूबाईंना कुजबुजणं जमत नव्हतं.

आणि मग आली सुनंदा.

सुनंदा जवळच्याच गावची. वय अडतीस. घरी ऊस, दोन म्हशी, सासू, आठवीतली मुलगी आणि सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला नवरा. मी समोरच बसले होते. भाभी तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होत्या आणि ती खाली मान घालून म्हणाली, “भाभी, सतरा नंबरचा फॉर्म भरता का तुमी?”

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म भरावा लागतो.

“भरते की. कुणासाठी? लेकीला तर अजून येळ हाय.”

“माझ्यासाठी.”

भाभींच्या हातातल्या दोन बांगड्या फटाफट फुटल्या! एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून बांगडी फुटलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्या अशा आनंदल्या की तुकडे टिपायचंसुद्धा विसरल्या, ते मी टिपले.

सुनंदाची शाळा नववीत गणितात नापास झाल्यावर सुटली होती. पुढे लग्न झालं. पण आतल्या आत ते सलत राहिलं होतं. तिची एकच अट होती.

“घरात कळाय नको. पास झाले तर माझी मी सांगीन. नापास झाले तर ह्ये झालंच न्हाई. आन् आदीच सांगून ठेवते भाभी, मधीच कुणाला कळलं तर मी पेपराला जायची न्हाई. दुसऱ्यांदा हसू करून घ्यायचं न्हाई मला.”

“ह्या पडद्याच्या भाईर जाणार न्हाई,” भाभी म्हणाल्या. “जबान दिली बग.”

पुढचे चार-पाच महिने काय मजेचे गेले! घरी सुनंदाने सांगितलं होतं की भाभींकडे भरतकाम शिकते. दुपारी शेतावर भाकरी पोचवली की ती हजर. पुस्तकं बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात लपवलेली. भाभी टोपी-चष्म्याची खिडकी उघडून द्यायच्या आणि एक मास्तर व्हिडिओत गणित शिकवायचे. मराठी माझ्याकडे होतं, गणिताशी माझं लहानपणापासून वाकडं. पण त्या दुपारी आम्ही तिघी मिळून एकेक उदाहरण सोडवायचो आणि उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं की भाभी टाळ्या वाजवायच्या. बाहेरच्या बायका विचारायच्या, आत काय चाललंय? भाभी सांगायच्या, “नवीन माल आलाय.”

व्हिडिओ काल जिथे थांबवला तिथूनच आज सुरू व्हावा म्हणून सुनंदा रोज आपल्या मेलच्या खात्यात शिरायची. फॉर्मलाही तोच मेल दिला होता. जाताना भाभी काळी खिडकी बंद करायच्या, वर पुन्हा तीन बोटं दाबून सगळं पुसायच्या. दुकानात एक ठिपकाही उरत नव्हता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुकानात बायकांची ही झुंबड! त्या गर्दीतून वाट काढत, मिशा सावरत, सुनंदाचे सुभेदार आले. भाभींना मोबाइलमधलं कळतं हे गावोगाव माहीत होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला.

“भाभी, ह्येला येड लागलंय बगा. मी लावतो कुस्ती आन् खाली येतंय त्रिकोणमिती. ट्रॅक्टर बगाय गेलं की वर्गसमीकरण. धा येळा बंद केलं, पुन्यांदा हजर.”

भाभींनी मोबाइल घेतला, वरच्या कोपऱ्यात बोट लावलं आणि त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. तिथे मेलचं तेच खातं होतं, जे सुनंदा रोज उघडायची. घरात पहिला मोबाइल आला तेव्हा दुकानदाराने एक खातं काढून दिलेलं. मग दुसरा मोबाइल आला, तिसरा आला, सासूचा आला, आणि प्रत्येकात तेच एक खातं घातलेलं. कुणाला वेगळं काढायचं सुचलं नाही. आमच्याकडच्या घरांत असंच असतं, विहीर एक आणि खातंही एक. भाभींनी दुकानाचं मशीन धुऊनपुसून लख्ख ठेवलं होतं. पण सुनंदाने बघितलेला प्रत्येक व्हिडिओ त्या खात्यात नोंदला जात होता आणि खात्यातून सुभेदारांच्या खिशात जात होता. महिनोन् महिने.

भाभी काही बोलायच्या आत सुभेदारच हळू आवाजात म्हणाले, “पुसू नका.”

“काय?”

“मला आदी वाटलं, पोरगी बगती. पर तिचं गणित अजून तिथवर आलंय कुठं? मंग एक दिवस ही म्हशीची धार काढताना सूत्रं म्हनत हुती. अ वर्ग अधिक दोन अब. तवा कळलं.” त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “भाभी, मी एकदा माझ्या पल्टनच्या दोस्तांम्होरं थट्टेत म्हनलो हुतो, आमचं सरकार नववी फेल हाय पर भाकरीत पयला नंबर. समदी हसली. ती बी हसली. पर त्या दिसापास्नं तिनं माझ्याम्होरं पेपर हातात धरला न्हाई. मी घरात आलो की घडी घालून ठेवती.”

मी बांगड्यांच्या माळेकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि सुभेदारांना ते दिसू द्यायचं नव्हतं.

“मला कळलंय ह्ये तिला कळू देऊ नका,” ते म्हणाले. “लय मानी हाय. बसायची न्हाई परीक्षेला. हाय तसं चालू द्या.” जाताना दारात थांबून म्हणाले, “मास्तर शिकवतो झ्याक. मीबी बगतो बांधावर बसून. पायथागोरस उमगला मला.”

ते गेले आणि भाभी मटकन खाली बसल्या. आयुष्यात त्यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता, आणि हा त्यांच्याही नकळत मोडून महिने उलटले होते.

“माझी चूक हाय म्याडम. मला वाटलं, टोपी-चष्मा लावला की माणूस कुणालाच दिसत न्हाई. तिला सांगाया पायजे.”

“सांगाल तर ती परीक्षेला बसणार नाही,” मी म्हणाले. “गप्प बसा.” सल्ला द्यायला मी नेहमीच पुढे असते.

त्या गप्प बसल्या. पण ते गप्प बसणं त्यांना फार महाग पडलं. दुसऱ्याच आठवड्यात सुनंदा म्हणाली, “आवं भाभी, काल मी निम्म्यावर थांबवला हुता, आज ह्यो शेवटाला कसा गेला?” सुभेदारांनी बांधावर बसून पुढचा भाग बघून टाकला होता! मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं सोंग घेऊन बाहेर पळाले. भाभी मात्र कशाबशा म्हणाल्या, “मशीन हाय, चुकतंय.”

त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रश्नाबरोबर तंबीही मिळायला लागली. “टोपी-चष्मा लावते, पर ऐक. ह्यो फकस्त ह्या मशीनपास्नं लपवतो. तू सवताच्या नावानं आत शिरलीस की तिकडं तुझी नोंद झालीच. आन् तुझं खातं घरात आनखी कुणाकुणाच्या मोबाइलात हाय, ते आदी सांग.” निम्म्या बायकांना ते माहीतच नसायचं. भाभींनी त्या उन्हाळ्यात किती जणींची वेगळी खाती काढून दिली, त्याला गणती नाही. फक्त सुनंदाचं तेवढं त्यांना काढून देता येत नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. आणि सुनंदाला नवल वाटायला लागलं की सगळं कसं आपोआप जुळून येतंय. सासूबाईंना अचानक फलटणला लेकीकडे महिनाभर राहायला पाठवलं गेलं. सुभेदारांना म्हशींची एकाएकी माया आली. पेपरच्या दिवशी ते सकाळीच म्हणायचे, “तू जा तुझ्या भरतकामाला, दुपारचं मी बगतो.” पेपर झाला की सुनंदा धावत दुकानात यायची आणि हसून हसून सांगायची, “काय गंडवलंय मी समद्यांस्नी! नवरा एवढा मिलटरीतला, पर इतकीशी शंका न्हाई. भरतकाम दाखव म्हनून एकदाबी म्हनला न्हाई.”

भाभी “व्हय बाय” म्हणायच्या आणि बांगड्यांची खोकी उगीच इकडची तिकडे लावत बसायच्या.

निकालाच्या दिवशी सकाळीच मी दुकान गाठलं. माझ्या बदलीची ऑर्डर त्याच आठवड्यात आली होती, सामान बांधायचं पडलं होतं, पण मला कशाचं काही सुचत नव्हतं. दुपारी एकला निकाल लागणार. दुकानात दहावीच्या पोरी, त्यांच्या आया, एकच कालवा. सुनंदा आली ती नवं लुगडं नेसून, आणि घाबरून पांढरीफटक पडून. आत खुर्चीवर बसली. भाभींनी काळी खिडकी उघडली. एक वाजला. सुनंदाने बैठक क्रमांक घातला. खाली दुसरा चौकोन आला, आईचं नाव.

“आईचं नाव लिहाय लावत्यात व्हय?” ती म्हणाली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने एकेक अक्षर शोधत ‘अनुसया’ लिहिलं, मग त्या नावाकडे थोडा वेळ पाहिलं आणि बटण दाबलं.

गोल चक्र फिरायला लागलं. सगळ्या राज्यातली पोरं एकदम त्या पानावर तुटून पडलेली, पान उघडणार कसं? चक्र फिरतंय, फिरतंय, थांबतच नाही. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. पडद्याबाहेर पोरी ओरडताहेत, “भाभी, लागला का? लागला का?”

आणि तेवढ्यात भाभींनी सुनंदाच्या खांद्यावर हात ठेवला.

“सुनंदा, पान उघडायच्या आदी एक सांगायचं हाय. तुझ्या मालकांस्नी ठावं हाय.”

मला वाटलं मी ओरडेन. आत्ता? आत्ता सांगायचं हे?

“तुझं खातं त्येंच्या मोबाइलात बी हाय. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तू बगितलेलं समदं त्येंला दिसत हुतं. संक्रांतीला ते हितं आले हुते, तवा मला कळलं. तू परीक्षेला बसावीस म्हनून मी गप्प ऱ्हायले. पर परीक्षा झाली. आता बी गप्प ऱ्हायले तर ते माझ्यासाठी हुईल, तुझ्यासाठी न्हाई. तू पास झाल्यावर सांगितलं तर खुशीत माफ करून टाकशील. ते मला नगं.”

सुनंदा वळून बघत राहिली. चक्र तिच्या पाठीमागे फिरतच होतं.

“मी रोज येऊन तुमाला सांगत हुते, कशी गंडवते म्हनून. तवा तुमी ऐकून घेत हुता?”

“व्हय.”

“हसत हुता माझ्यावर?”

“न्हाई गं बाय. भीत हुते.”

सुनंदा उठली. पिशवी उचलली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता, आणि तो राग खरा होता. भाभी पडदा अडवून उभ्या राहिल्या नाहीत, बाजूला झाल्या. सुनंदाने पडद्याला हात घातला आणि त्याच वेळी माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं. चक्र थांबलं होतं.

“सुनंदाऽऽ!” मी अशी किंचाळले की बाहेर कुणाच्या तरी हातातलं बांगड्यांचं खोकं पडलं. “पास! अगं पास! मराठी एकाहत्तर! गणित बेचाळीस!”

ती परत आली. बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग ‘गणित’ आणि ‘बेचाळीस’ या दोन शब्दांवर बोट फिरवत राहिली. आणि मग तिने अशी काही आरोळी ठोकली की पडदा सरकवून सगळ्या पोरी आत घुसल्या. कोण पास, कशी पास, काही माहीत नसताना त्या नाचायला लागल्या. आम्हीही नाचलो. मी नाचले, चाळिशीची मराठीची शिक्षिका, त्या हातभर जागेत, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

गलका ओसरला तशी सुनंदाने मोबाइल काढला. पोरी मुकाट झाल्या. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. शेतात असताना सुभेदार कधीच फोन उचलत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“आवं, एक सांगायचं हुतं,” सुनंदा म्हणाली. “मी दहावीला बसले हुते.”

“आँ?” पलीकडून एवढ्या मोठ्याने आलं की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. “तू? दहावीला? कवा? आगं काय सांगतीस काय! मला तर काय म्हंजे कायच ठावं न्हाई! कोण बसलं म्हनलीस? तू?”

इतकं वाईट नाटक मी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा पाहिलेलं नाही. भाभींनी तोंडाला पदर लावला. सुनंदा भिंतीला टेकली, तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, कळत नव्हतं. दोन्ही असावं.

“पास झाले,” ती म्हणाली.

तसे सुभेदार नाटक पार विसरले आणि घाईघाईने विचारलं, “गणित सुटलं न्हवं?”

सुनंदाने भाभींकडे पाहिलं.

“सुटलं की,” ती म्हणाली. “आन् तुमाला इतके दिवस काय सांगितलं न्हाई म्हनून रागावू नका हं. लय लपवून ठेवलं मी तुमच्यापास्नं.”

“न्हाई न्हाई! रागावू कशाला? मला काय पत्ताच न्हवता!”

फोन ठेवून तिने डोळे पुसले. पोरींना हाकलून पडद्याबाहेर काढलं. तशा भाभी पुढे झाल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण सुनंदाने त्यांना बोलू दिलं नाही. त्यांचा हात धरून ती हळू आवाजात म्हणाली, आणि या वेळी मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

“भाभी, तुमी मला आज सांगितलं, ह्ये त्येंला कवाच कळाय नको. त्येंला वाटू द्या, मला काय ठावं न्हाई. एवढं ठेवाल न्हवं तुमच्यापाशी?”

भाभींनी नुसती मान हलवली, दोनदा, आणि तिचा हात तसाच दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.